दहा सेकंद स्थिर हात

नोव्हेंबर 2010 च्या मध्याला यांगूनच्या पेपरवाल्यांकडे 'फर्स्ट इलेव्हन' या फुटबॉल साप्ताहिकाचा नवा अंक आला. मथळा इंग्लिश लीगच्या निकालांचा होता. संडरलंडने चेल्सीला गारठवलं, व्हिलाने युनायटेडला चकित केलं, आर्सेनलची आगेकूच चालू. निकाल अगदी खरे. पण मथळ्यातली काही इंग्रजी अक्षरं वेगळ्या रंगात छापली होती आणि तेवढीच वाचत गेलं की दुसरंच वाक्य हाती लागायचं : सू सुटली, एक व्हा, आशा हाती घ्यायला पुढे चला. लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांची नजरकैद त्याच आठवड्यात, 13 नोव्हेंबरला संपली होती. सेन्सॉरची ट्यूब पेटली तोवर अंक घरोघरी गेला होता. साप्ताहिकावर दोन आठवड्यांची बंदी आली.

ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, असल्या करामतींची मोठी परंपरा आहे. 2008 च्या जानेवारीत सॉ वाई या कवीने एका साप्ताहिकात व्हॅलेंटाइन दिनाची प्रेमकविता छापली. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द घेत खाली उतरलं की 'सत्तापिपासू सेनाध्यक्ष थान श्वे' असं निघायचं. थान श्वे म्हणजे तेव्हाचे लष्करी सर्वेसर्वा. कवीला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या आदल्या वर्षी डेन्मार्कच्या काही टवाळखोर कलावंतांनी 'म्यानमार टाइम्स'मध्ये पर्यटनाची जाहिरात दिली होती. तिच्यातला एक अगम्य 'डॅनिश' शब्द उलटा वाचला तर 'खुनी थान श्वे' असा होता.

आपल्याला हे वाचून गंमत वाटते. सत्तेच्या नाकावर टिच्चून कुणी काही छापलं की वाचकाला नेहमीच बरं वाटतं. पण या देशातल्या तरुणांना बातमीदारी शिकवायला जे बसले, त्यांना याच हुशारीची डोकेदुखी होती. सूचक लिहिणं ही एक कला आहे आणि बातमी लिहिणं ही जवळजवळ तिच्या उलट. बातमीत कोण, कुठे, कधी, किती, कुणी सांगितलं हे उघड सांगावं लागतं. तीस-चाळीस वर्षं नेमक्या याच गोष्टी लपवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पोरांना साधं सरळ वाक्य लिहिताना हात आखडायचा.

हे समजण्यासाठी सेन्सॉरचं काम कसं चालायचं ते पाहायला हवं. 1962 मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि त्याच वर्षी मुद्रक-प्रकाशक नोंदणीचा कायदा आला. पुढे वृत्तपत्रांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ज्या देशात पन्नाशीच्या दशकात डझनावारी दैनिकं खपत होती, तिथे सरकारी तेवढी उरली. खासगी साप्ताहिकं-मासिकं निघत, पण छापण्यापूर्वी सगळा मजकूर 'प्रेस छाननी आणि नोंदणी विभागा'कडे न्यायचा. तिथून लाल शाईने रंगलेली पानं परत यायची. नव्वदच्या दशकातल्या मासिकांत छापून झालेल्या ओळींवर रुपेरी शाई फासलेली दिसे. कधी पानंच्या पानं फाडलेली असत.

याचा एक परिणाम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मजकूर आधी तपासून घ्यायचा म्हटल्यावर खासगी दैनिक काढणंच अशक्य. त्यामुळे देशातल्या कुठल्याही खासगी पत्रकाराला रोजच्या रोज बातमी देण्याची सवय अशी नव्हतीच. संध्याकाळी घटना घडली, रात्री लिहिली, सकाळी छापली, दुपारी कुणीतरी फोन करून 'हे चुकलंय' म्हणून झापलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती दिली, हा जो रोजचा रगाडा असतो, त्यातच माणूस बातमीदार होतो. तो रगाडा तिथे दोन पिढ्यांच्या वाट्यालाच आला नाही.

वाचकही तसाच घडला. सरकारी पेपरात काय आहे यापेक्षा काय नाही हे तो आधी बघे. ऑक्टोबर 2004 मध्ये पंतप्रधान खिन न्युंत यांना पदावरून काढलं, तेव्हा अधिकृत कारण तब्येतीचं दिलं गेलं. त्यावर विश्वास ठेवणारा माणूस यांगूनमध्ये शोधून सापडला नसता. मग खरं कारण चहाच्या दुकानात ठरे. तिथे ज्याला त्याला आतली बातमी असे आणि ती पडताळायची सोय कुणालाच नसे.

मराठी वाचकाला या देशाच्या तुरुंगाची ओळख आहे. 1908 मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि ते सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात राहिले. 'गीतारहस्य' तिथलंच. शाई मिळत नव्हती म्हणून शिसपेन्सिलीने लिहिलेलं. आपल्याकडे ही गोष्ट इथे संपते. ज्या कायद्याने टिळकांना मंडालेला धाडलं, तो मात्र तिथेच राहिला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता आणि दंडसंहिता एकच होती. टिळकांवरच्या 1897 च्या पहिल्या खटल्यानंतर, 1898 मध्ये, सरकारने राजद्रोहाचं 124-अ कलम आणखी कडक केलं आणि अफवा पसरवण्याबद्दलचं 505 कलम नव्या रूपात आणलं. 1937 मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला, 1948 मध्ये स्वतंत्र झाला, पण ही कलमं हलली नाहीत. 1923 चा सरकारी गुपितांचा कायदाही तसाच. पुढे या लेखात जे जे तुरुंगात गेलेले दिसतील, त्यांच्यापैकी काही जण याच जुन्या कलमांखाली गेले आहेत.

टिळकांना निदान पेन्सिल होती. 'हंथावडी' या मंडालेच्या दैनिकाचे एके काळचे संपादक विन तिन 1989 ते 2008 अशी एकोणीस वर्षं कैदेत होते, त्यांनी विटेची पूड पाण्यात कालवून कोठडीच्या भिंतीवर लिहिलं. तुरुंगात सोबत्यांना घेऊन हस्तलिखित अंकही काढला. एका अर्थी हीसुद्धा पत्रकारितेची शाळाच. सुटल्यावर कैद्याचा निळा सदरा त्यांनी उतरवला नाही. राजकीय कैदी आत असेपर्यंत मीही कैदीच, असं त्यांचं म्हणणं. 2014 मध्ये वारले तोवर निळाच घातला.

आता बाहेरच्या शाळांकडे येऊ. लोकशाहीसाठी झालेला 1988 चा उठाव लष्कराने चिरडल्यावर हजारो विद्यार्थी सीमा ओलांडून थायलंडमध्ये आणि काही भारतात गेले. निर्वासितांच्या नामांकित वृत्तसंस्था त्यांनीच उभ्या केल्या. ओस्लोहून 1992 मध्ये 'डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा', म्हणजे डीव्हीबी, ही रेडिओ सेवा सुरू झाली. तिची धुरा पुढे ज्यांनी वाहिली ते आय चान नाइंग दंतवैद्यकीचे विद्यार्थी. 1993 मध्ये 'इरावडी' नियतकालिक काढणारे आंग झॉ वनस्पतिशास्त्राचे. पत्रकारितेचं शिक्षण यांच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

तिसऱ्याची कथा आपल्या जवळची आहे. नोव्हेंबर 1990 मध्ये सो म्यिंत आणि त्याच्या एका मित्राने बँकॉकहून यांगूनला निघालेलं थाई एअरवेजचं विमान पळवून कोलकात्याला उतरवलं. हातातला बॉम्ब नकली होता, आत साबण होता. त्यांची मुख्य मागणी काय, तर पत्रकार परिषद घेऊ द्या! ती झाली, आणि दोघे पोलिसांच्या स्वाधीन झाले. पुढे याच सो म्यिंतने 1998 मध्ये दिल्लीत 'मिझ्झिमा' ही वृत्तसंस्था सुरू केली. 2003 मध्ये बंगालमधल्या न्यायालयाने त्याला अपहरणाच्या खटल्यातून निर्दोष सोडलं. दिल्लीतल्या या बर्मी मुलांना जॉर्ज फर्नांडिस यांनी आपल्या सरकारी बंगल्यात आसरा दिला होता. मुंबई बंद पाडणारे जॉर्ज आपल्याला ठाऊक असतात. कृष्ण मेनन मार्गावरच्या त्यांच्या आवारात परक्या देशाचे बंडखोर राहात, हे तितकंसं ठाऊक नसतं.

विमान पळवून पत्रकार परिषद मागणारा मुलगा आणि रोज तीन बातम्या पडताळून देणारा संपादक यांच्यात केवढं अंतर आहे! ते या मंडळींनी चुकत-माकत, बीबीसीच्या बर्मी विभागातल्या जुन्या माणसांकडून आणि परदेशी संस्थांच्या कार्यशाळांतून कापलं. मग आपल्याहून लहानांना शिकवायला घेतलं. चियांग माय हे उत्तर थायलंडमधलं शहर आणि मोई नदीकाठचं मे सोत ही त्यांची मुख्य ठाणी. चिन जमातीच्या बातमीदारांचं एक केंद्र आपल्या मिझोराममध्ये ऐझॉलला होतं.

मे 2005 मध्ये डीव्हीबीने उपग्रहावरून दूरचित्रवाणी सुरू केली आणि शिकवण्याचा विषयच बदलला. रेडिओला फोनवरचा आवाज पुरतो. टीव्हीला चित्र लागतं, आणि चित्र काढायला माणूस जागेवर कॅमेरा घेऊन उभा असावा लागतो. म्हणून देशातून तरुण मुलं-मुली निवडून थायलंडमध्ये आणायची, काही आठवडे शिकवायची आणि परत पाठवायची अशी पद्धत बसली. घरी सबब तयार असे. लाखो बर्मी माणसं थायलंडमध्ये मजुरीला जात, त्यात आणखी एक गेला.

शिकवायचे काय? छोटा हँडीकॅम हातात देऊन पहिला धडा व्हिडिओच्या कुठल्याही वर्गात असतो तोच : बटण दाबल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर हात हलू द्यायचा नाही. नवशिका कॅमेरा पाण्याच्या पाइपासारखा इकडून तिकडे फिरवत सुटतो आणि घरी आल्यावर त्यातला एकही तुकडा वापरता येत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाने हा धडा गिरवला नाही तर त्याला शिक्षक रागावतील. यांगूनमध्ये दहा सेकंद स्थिर उभं राहायचं म्हणजे समोरच्या साध्या वेशातल्या पोलिसाला आपला चेहरा दहा सेकंद बघू द्यायचा. म्हणून त्याच धड्याला जोडून दुसरा : कॅमेरा डोळ्यांना लावायचाच नाही. खांद्याच्या पिशवीला भोक, भोकामागे भिंग. पडद्यात न बघता चौकट अंदाजाने धरायची. हे जमेपर्यंत चियांग मायच्या बाजारात तासन् तास फिरायचं आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर बसून आपण आभाळ आणि लोकांच्या पायताणांचं किती उत्तम चित्रण केलं आहे ते पाहायचं.

आधी लांबून जागा दाखव, रस्त्याची पाटी, देवळाचा कळस, काहीतरी असं घे की शहर ओळखू येईल. मग माणसं. निदर्शनं करणाऱ्यांचे चेहरे शक्यतो मागून, कारण ही टेप पकडली गेली तर ती पोलिसांच्या हातातली यादी होते. टेप भरली की जवळ ठेवायची नाही, पुढच्या माणसाला द्यायची. पुढच्या माणसाचं खरं नाव विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही. एकाला दोघांपेक्षा जास्त माहीत नसावेत. काही चित्रण सीमेपलीकडे माणसांकरवी जाई, काही सायबर कॅफेतून तासन् तास ताटकळत चढवलं जाई. थायलंडहून ओस्लो आणि ओस्लोहून उपग्रहामार्फत पुन्हा यांगूनच्या घराघरांत. आपल्या गल्लीतली घटना नॉर्वेला वळसा घालून आपल्याच टीव्हीवर येई.

सप्टेंबर 2007 मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले तेव्हा असे तीसेक व्हिडिओ बातमीदार देशात विखुरलेले होते. परदेशी पत्रकारांना व्हिसा नव्हता. सीएनएन-बीबीसीवर जगाने भगव्या चीवरांच्या रांगा पाहिल्या, त्यातलं पुष्कळ चित्रण या मुलांचं. 27 सप्टेंबरला सुले पॅगोडाजवळ केंजी नागाई हा जपानी छायाचित्रकार गोळी लागून पडला. सरकार म्हणालं, भरकटलेली गोळी. डीव्हीबीच्या एका मुलाने उंचावरून घेतलेल्या चित्रणात सैनिकाने अगदी जवळून नेम धरल्याचं दिसत होतं. चौकट ठीक धरलेली, हात बऱ्यापैकी स्थिर. त्या काही सेकंदांनी सरकारचा खुलासा निकालात काढला. दोन दिवसांत देशाचं इंटरनेट बंद झालं आणि पुढच्या जानेवारीत उपग्रह डिशच्या परवान्याचं वार्षिक शुल्क 6,000 क्यातवरून थेट 10 लाखांवर नेण्यात आलं. सरकारचा जीव कशात अडकला होता ते या आकड्यावरून कळतं.

या मुलांवर अँडर्स ऑस्टरगार्ड या डॅनिश दिग्दर्शकाने 'बर्मा व्हीजे' हा माहितीपट केला, 2010 मध्ये तो ऑस्करच्या अंतिम यादीत होता. त्यात काही प्रसंग नंतर पुन्हा उभे करून चित्रित केले आहेत. सुरुवातीच्या पाटीत तसं सांगितलंय, तरी टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते. ज्या मुलांनी एकेका खऱ्या चौकटीसाठी जीव टांगणीला लावला, त्यांच्या गोष्टीत रचलेल्या चौकटी मिसळायच्या, याने शंकेखोराच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

किंमत काय पडली ते आता. हला हला विन ही पूर्वी शिक्षिका होती. सप्टेंबर 2009 मध्ये पखोक्कूच्या एका विहारात भिक्खूंच्या मुलाखती घेऊन ती परतत असताना पकडली गेली. पहिला आरोप काय असावा? बिननोंदणीची मोटरसायकल वापरल्याचा. त्यावर सात वर्षं, आणि मग इलेक्ट्रॉनिक्स कायद्याखाली आणखी वीस. सिथू झेया एप्रिल 2010 मध्ये, थिंग्यानच्या पाण्याच्या सणात, यांगूनमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटानंतरची दृश्यं घेताना सापडला. छळ झाला आणि त्यात वडिलांचं नाव फुटलं. वडील, मौंग मौंग झेया, डीव्हीबीचेच. तेही आत गेले. एकाला दोघांपेक्षा जास्त माहीत नसावेत हा नियम कागदावर ठीक, पण ते दोघे बाप-लेक असले तर नियम काय करणार? जानेवारी 2012 च्या माफीत हे सगळे सुटले.

हे सारं ऐकून वाटतं की अशा वर्गात मुख्यतः धाडस शिकवत असतील. धाडस ही मुलं घरूनच घेऊन येत. शिक्षकांना उलटाच घोर असे : याला मागे कसं फिरवायचं. गोळीबार सुरू झाल्यावर कुठे उभं राहायचं यापेक्षा कधी निघायचं यावर जास्त वेळ जाई. कुठला प्रसंग चित्रित न करता सोडायचा, हेही शिकवावं लागे आणि ते या मुलांच्या गळी उतरत नसे.

त्याहून अवघड होतं आपल्याच बाजूची बातमी तपासायला लावणं. वर्गात येणारा जवळजवळ प्रत्येक जण चळवळीतला. कुणाचा भाऊ तुरुंगात, कुणाचं गाव जाळलेलं. लष्कराने केलेल्या अत्याचाराची बातमी आली की ती खरीच असणार, हे त्याला अनुभवाने माहीत. मग दुसरा साक्षीदार कशाला शोधायचा? आणि लष्कराची बाजू विचारायची म्हणजे तर चेष्टाच. शिक्षक सांगत, विचार. फोन कर, उत्तर देणार नाहीत, तसं लिही. कारण शंभर बातम्यांत एक खोटी निघाली की सरकारी पेपर उरलेल्या नव्याण्णवांवर बोळा फिरवतो.

2007 च्या मृतांचा आकडा याचा नमुना आहे. सरकार सुरुवातीला दहा म्हणत होतं. डीव्हीबीने 138 सांगितला. वर्षाअखेरीस संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक पाउलो सर्जिओ पिन्हेरो यांनी चौकशी करून किमान 31 मृत्यूंची नोंद केली. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यांनाही सगळीकडे जाऊ दिलं नव्हतं. खरा आकडा मधे कुठेतरी असेल किंवा नसेलही. पण अशा वेळी बातमीदाराचं काम मोठा आकडा सांगण्याचं नसतं. यादी करण्याचं असतं : नाव, वय, कुठे पडला, कुणी पाहिलं. उरलेल्यांबद्दल 'असं सांगतात' असं स्वच्छ लिहायचं. चहाच्या दुकानात वाढलेल्या पिढीला हे शिकायला वर्षं लागली, आणि चळवळीतल्या मित्रांकडून 'तू कुणाच्या बाजूचा?' असं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

मग अचानक दार उघडलं. ऑक्टोबर 2011 मध्ये छाननी विभागाचे प्रमुख तिंत श्वे यांनीच, तेही सरकार ज्याला शिव्या घालत असे त्या रेडिओ फ्री एशियाशी बोलताना, सेन्सॉरशिप बंद व्हायला हवी असं सांगून टाकलं. 20 ऑगस्ट 2012 ला छपाईपूर्व तपासणी थांबली. 1 एप्रिल 2013 पासून खासगी दैनिकं निघू लागली. मिझ्झिमा, इरावडी, डीव्हीबी यांनी यांगूनमध्ये कचेऱ्या थाटल्या. 2014 मध्ये परदेशी मोबाइल कंपन्या आल्या आणि काही वर्षांपूर्वी हजार-दीड हजार डॉलरला विकलं जाणारं सिमकार्ड 1,500 क्यातला, म्हणजे दीडेक डॉलरला मिळू लागलं. फेसबुक फोफावलं. चहाचं दुकान आता प्रत्येकाच्या खिशात आलं.

नवी परीक्षा रोहिंग्यांची होती, आणि तीत बरेच जण नापास झाले. वर्षानुवर्षं लष्कराच्या प्रत्येक शब्दावर शंका घेणाऱ्या माध्यमांनी 2017 मध्ये रखाइन प्रांतातली रोहिंग्यांची गावं पेटली तेव्हा लष्कराचीच भाषा उचलली. या माणसांना 'बंगाली' म्हणायचं, त्यांनीच आपली घरं जाळली या दाव्याला जागा द्यायची. काही जणांनी आवाज उठवला, पण ते थोडे. आपल्या जातभाईंवरच्या अन्यायाची बातमी करायला शिकलेला माणूस ज्याच्याबद्दल त्याला घरूनच तिटकारा शिकवलाय त्याच्यावरच्या अन्यायाची बातमी करेलच असं नाही. हा धडा अभ्यासक्रमात असावा लागतो, आणि तो फारसा नव्हता.

अपवाद दोन तरुणांचा. वा लोन हा श्वेबो भागातल्या खेड्यातला बौद्ध मुलगा, आधी फोटोचा धंदा करायचा, मग यांगूनला येऊन पत्रकार झाला. क्यॉ सो ऊ रखाइनमधला बौद्ध, कविता करणारा. दोघे रॉयटर्ससाठी काम करत होते. इन दिन गावात सप्टेंबर 2017 मध्ये दहा रोहिंग्या पुरुषांना मारून एका खड्ड्यात पुरल्याचं त्यांना कळलं. गुडघ्यांवर रांगेत बसवलेल्या दहा जणांचं छायाचित्र त्यांनी मिळवलं, ते एका बौद्ध गावकऱ्याकडूनच. मारणाऱ्यांत सामील असलेल्या गावकऱ्यांशी ते बोलले. पीडितांच्या बाजूने सांगणारे पुष्कळ असतात. इथे करणाऱ्यांनीच सांगितलेलं होतं, आणि म्हणून ती बातमी खोडता आली नाही.

12 डिसेंबर 2017 ला पोलिसांनी त्यांना यांगूनच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं, गुंडाळलेले काही कागद हातात दिले आणि बाहेर पडताच अटक केली. कायदा कोणता, तर 1923 चा सरकारी गुपितांचा. खटल्यात मो यान नाइंग या पोलीस अधिकाऱ्याने हा सापळा वरच्या हुकमाने रचल्याची साक्ष दिली, त्याबद्दल तोच तुरुंगात गेला. दोघांना सात-सात वर्षं झाली. बातमी 2018 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली, 2019 मध्ये तिला पुलित्झर मिळालं आणि मे महिन्यात दोघे माफीने सुटले. इन दिनच्या हत्यांबद्दल सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती. ते वर्षभरही आत राहिले नाहीत. म्हणजे हत्येची बातमी देणारे हत्या करणाऱ्यांपेक्षा जास्त काळ तुरुंगात होते.

1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. 8 मार्चला मिझ्झिमा, डीव्हीबी, म्यानमार नाऊ, खित थित आणि सेव्हन डे या पाच संस्थांचे परवाने रद्द झाले. दंडसंहितेत 505-अ हे नवं कलम घुसवलं गेलं : भीती पसरवणारं किंवा खोटं काही प्रसृत केलं तर तीन वर्षं. 1898 चं जुनं कलम शेजारी होतंच. त्या वर्षाच्या अखेरीस पत्रकार संरक्षण समितीच्या मोजणीत म्यानमारच्या तुरुंगांत 26 पत्रकार होते, चीनच्या खालोखाल जगात दुसरा क्रमांक. डिसेंबरात सो नाइंग हा छायाचित्रकार कोठडीत मरण पावला.

नऊ-दहा वर्षांपूर्वी सामान गुंडाळून परत आलेले लोक पुन्हा चियांग माय आणि मे सोतला गेले. थायलंडमध्येही सगळं आलबेल नव्हतं. मे 2021 मध्ये डीव्हीबीचे तीन बातमीदार चियांग मायमध्येच बेकायदा प्रवेशाच्या आरोपावरून पकडले गेले. त्यांना परत म्यानमारला धाडू नये म्हणून बरीच धावाधाव झाली आणि शेवटी ते तिसऱ्या देशात पोहोचले.

या वेळी वर्गात येणारी मुलं वेगळी आहेत. 2012 नंतर शाळेत गेलेली, फोनवर वाढलेली, सेन्सॉरचा लाल पेन न पाहिलेली. सूचक लिहिण्याची सवय मोडण्याचा प्रश्नच नाही, यांना हात आवरायला शिकवावं लागतं. चित्रण घेता येतं, दहा सेकंदांचा नियमही माहीत असतो, पण ते तिथल्या तिथे जगाला दाखवायची घाई असते. नाक्यावर सैनिक फोन उघडायला लावतात, गॅलरी बघतात, फेसबुकवर कुणाला 'लाइक' केलंय ते बघतात. म्हणून पहिला धडा आता फोनचा. निघताना दुसरा साधा फोन घ्यायचा, त्यात आईचे फोटो, गाणी, एखादा खेळ असावा. अगदी रिकामा फोन भरलेल्या फोनइतकाच संशयास्पद. चित्रण पाठवलं की पुसायचं, आणि पुसलेल्यांची पेटीही रिकामी करायची. चित्रात खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी घर ओळखू देते, तिच्यावर लक्ष ठेवायचं. ठरल्या वेळी ठरल्या माणसाला एक शब्द पाठवायचा. तो आला नाही तर पलीकडच्याने काय काय बंद करायचं, कुणाला हलवायचं, ते आधीच लिहून ठेवलेलं. बंदी घातलेली संकेतस्थळं उघडून देणारी व्हीपीएन सेवा परवानगीशिवाय पुरवणं हाही 2025 मध्ये गुन्हा ठरला.

आणि जुना प्रश्न नव्या वेषात हजर आहेच. आता प्रतिकार करणारेही बंदूकधारी आहेत. सागाइंगच्या एखाद्या खेड्यातल्या बातमीदाराचा चुलत भाऊ लष्कराशी लढणाऱ्या जनसंरक्षण दलात असतो. त्या दलाने खबऱ्या ठरवून कुणाला मारलं तर ती बातमी द्यायची की नाही? संपादक मे सोतमध्ये बसून 'दे' म्हणतो. बातमीदाराला त्या गावात राहायचं असतं. म्यानमार नाऊ, फ्रंटियर यांसारख्या काही संस्थांनी अशा बातम्या दिल्या आहेत, आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या आहेत. वर्गात यावर तास-तास वाद झाले तर नवल नाही.

उरला पैसा. या शाळा आणि वृत्तसंस्था केवळ जाहिरातींवर कधीच चालल्या नाहीत. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्स आणि अमेरिकेच्या अनुदानावर चालत आल्या. ज्याचा पैसा त्याची मर्जी, हा आरोप त्यांच्यावर लष्कर कायमच करत आलं आहे. मर्जीपेक्षा मोठं संकट लहरीचं निघालं. 2012 नंतर देणगीदारांना वाटलं, काम झालं, आणि सीमेवरच्या संस्थांचा पैसा आटला. 2021 नंतर तो परत आला. जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनने परदेशी मदत एका फटक्यात गोठवली. मार्चमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका थांबलं, पाठोपाठ रेडिओ फ्री एशियाच्या बर्मी विभागाचं काम बंद पडलं. मिझ्झिमासारख्या संस्थांना माणसं कमी करावी लागली.

त्याच मार्चच्या 28 तारखेला मंडाले-सागाइंग भागात 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. परदेशी पत्रकारांना येऊ देता येणार नाही, राहायला जागा, वीज, पाणी नाही, असं लष्कराच्या प्रवक्त्याने सांगितलं. मंडालेच्या कोसळलेल्या इमारती आणि सागाइंगच्या गल्ल्यांतलं चित्रण जगाकडे आलं त्यातलं बरंचसं स्थानिक बातमीदारांचं होतं. त्यांच्यापैकी अनेकांच्या संस्थांचा पगार दोन महिन्यांपूर्वीच अडकला होता. मृतांचा सरकारी आकडा रोज बदलत होता. ती मुलं वस्तीवस्तीतून फिरून नाव, वय, घर असं टिपून घेत होती.